शब्दांशिवायची तालीम

घणसोली गाव
९ फेब्रुवारी १९८६

प्रिय नंदकुमार,
सप्रेम जयभीम.

कारखान्याच्या पत्त्यावर कार्ड पाठवू नकोस, वरचं जयभीम सगळे वाचतात, असं तुम्ही म्हणाला होतात, म्हणून पाकीट घेतलं आहे. इकडे सगळे ठीक आहेत. आईचा खोकला कमी आहे.

तुम्ही दिलेली कॅसेट ऐकली. ‘मत कळव’ म्हणालात म्हणून कळवते, पण मला इटालियन येत नाही, आणि शब्द न समजता मत देणं मला लबाडीचं वाटतं. शाळेत घालण्याआधीच बाबांनी मला पेटीजवळ बसवून शिकवलं. त्यांचा नियम एकच होता: गाणं कुणी केलंय आणि कुणासाठी, हे विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. तुम्हालाही तेच विचारते आहे.

ऑर्गन सुरू झाला तसे बाबा खूश झाले. “आपल्या पेटीचा थोरला भाऊ हाय,” म्हणाले. बाबांच्या गायनपार्टीतले पोपटकाका ढोलकी घेऊन साथीला बसले. थोड्या वेळाने हात थांबवून बाबांना म्हणाले, “भगवान, हा गडी समेवर येतच नाय. टाळी द्यायची कुठं?”

“येईल, येईल. मोठ्या घरचा पाव्हना हाय, वाट बघायला लावनार.”

घरमालकीण धोंडूबाई दारातून विचारून गेल्या, “कोन बोंबलतंय गो ह्यो? पोटान दुकतंय का त्याचे?”

कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला एक लांब भाग आहे. तिथे कुणीच गात नाही. आधी एकटी बासरी, मग सगळी वाद्यं अंगावर आल्यासारखी, आणि पुन्हा बासरी. तो मी परत परत ऐकला. तिथे मला कुणी काही शिकवत नाही, कशाची आठवण करून देत नाही. इतकं हलकं वाटलं की भीती वाटली. बाबांना हे सांगितलेलं नाही.

आपल्या लग्नात आमची गायनपार्टी नको, असं तुमचे दादा म्हणाले, त्याबद्दल मी अजून काही लिहिलेलं नाही. आज कॅसेटचंच राहू दे.

तुमची,
वैजयंती

·

घणसोली गाव
२३ फेब्रुवारी १९८६

प्रिय नंदकुमार,
सप्रेम जयभीम.

पत्र मिळालं. मशीन बसवायला आलेल्या तुमच्या इटालियन साहेबांनी जाताना नुसत्या कॅसेटच दिल्या नाहीत, एवढं सगळं सांगितलंही, हे माहीत नव्हतं. कॅसेटवरची ही मुलं कामगारांच्या जत्रांत, लाल झेंड्यांखाली वाजवायची. मग लोकच त्यांना अडवून विचारायला लागले, तुमचं गाणं नक्की कुणाच्या बाजूचं? एका बँडला तर कव्हरवरच्या चित्रावरून हुकूमशाहीवाले ठरवलं आणि बोलावणंच बंद केलं. साहेब म्हणाले, राजकारणाने चांगलं संगीत मारलं. तुम्ही त्याखाली रेघ ओढली आहे.

त्या बँडचं मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. गाणं न ऐकता चित्रावरून ठरवणं अन्याय आहे. हे वाचून मी दिवसभर अस्वस्थ होते, कारण तुमच्याबद्दल मीही तसंच काही ठरवते आहे का, असं मनात आलं. म्हणून आता स्पष्ट विचारते.

लग्नाची बोलणी चालली होती त्या दिवशी दादा म्हणाले, “ऑफिसची माणसं येणार. जयभीमची गाणी कशाला? सनईची रेकॉर्ड लावू, कुणाला त्रास नाही.” तेव्हा तुम्ही बशीतला चहा पीत होतात. नंतर बस स्टॉपवर मी विचारलं तर म्हणालात, “गाण्यात राजकारण कशाला, वैजू? तुला तरी आवडतं का?”

मी गप्प बसले. का ते तुम्हाला आता कळलं असेल. कॅसेट तेव्हा ऐकून झाली होती, आणि मला तो बिनशब्दांचा बासरीचा भाग आवडत होता.

पण आमच्यात लग्नाला ही गाणी असतातच. वंदना झाली, आशीर्वाद झाले, की बाबा पेटी ओढतात. आईच्या लग्नात आजोबा गायले होते. त्याला आम्ही कधी राजकारण म्हटलं नाही, लग्नच म्हटलं. दादांना त्यात राजकारण दिसतं, कारण ऑफिसच्या साहेबांना कळेल आपण कोण ते. मग लपवणं हे कुठलं संगीत?

जास्त लिहिलं. फाडून पुन्हा लिहावं असं वाटतंय, पण मग तुम्हाला माझं गोड झालेलंच पत्र मिळेल.

उत्तर लवकर द्या.

तुमची,
वैजयंती

·

घणसोली गाव
१६ मार्च १९८६

प्रिय नंदकुमार,
सप्रेम जयभीम.

तुमचं उत्तर आलं. ‘दादा म्हणतात ते एकदा होऊन जाऊ दे, पुढे आपण हवं तसं राहू,’ एवढंच. कॅसेटबद्दल मात्र दोन पानं.

बाबांना मी वाचून दाखवलं नव्हतं, पण आईने माझ्या तोंडावरून ओळखलं आणि त्यांना सांगितलं. काल संध्याकाळी त्यांनी पार्टी बोलावली. मला वाटलं, आता बोलणार. ते म्हणाले, “पाव्हन्यांना शब्द नको ना? मग नुसतं वाजवू. वैजूच्या त्या इटलीवाल्यांसारखं.”

पोपटकाका तडकले. “म्हंजे? आमी काय बँडवाले?”

“पोरीचं लगीन हाय, पोपट. वाजव.”

ते चेष्टेत बोलत नव्हते. मला ते संगीत आवडतं हे मी न सांगताही त्यांनी ओळखलं होतं, आणि त्यातूनच वाट काढली होती.

अंगणात तालीम सुरू झाली. पेटी, ढोलकी, झांजा. बाबांनी ओठ घट्ट मिटले होते. आई सुपात तांदूळ निवडत बसली होती. पहिली ओळ वाजली आणि ती गुणगुणायला लागली. शब्दांसकट. नळावरच्या बायकांनी हंडे तसेच ठेवून पुढची ओळ उचलली. धोंडूबाई आमच्यातल्या नाहीत, पण इतकी वर्षं जयंतीला ऐकून त्यांनाही येतं. त्या चुकीचे शब्द सगळ्यांत मोठ्याने गात होत्या. पोपटकाका हसून म्हणाले, “मालकीनबाय, पाव्हन्यांची ऑर्डर हाय, गप ऱ्हावा!”

“कंचा पाव्हना? माजे अंगनान मी गाईन!”

सगळे हसले. आख्खी आळी गात होती आणि ज्याचं गाणं तो एकटा गप्प. बाबांची नजर पेटीच्या पट्ट्यांवर होती. गळ्याची शीर हलत होती.

मला ते बघवेना. मी त्यांच्याजवळ बसले आणि मुखडा घेतला. ते म्हणाले, “नको गं, कशाला उगीच.” मी थांबले नाही. दुसऱ्या कडव्याला त्यांचा आवाज आला, आधी घोगरा, मग सरळ.

नंदकुमार, बासरीचा भाग मी अजूनही ऐकते, आणि आता घाबरत नाही. त्या मुलांनी तिथे शब्द ठेवले नाहीत, ती त्यांची मर्जी. माझ्या बाबांचं तोंड मात्र आपण मिटवत होतो, दादा, तुम्ही, आणि बस स्टॉपवर गप्प राहिलेली मी. या दोन गोष्टी मी एकच समजत होते.

तेव्हा लग्नात बाबा गातील. शब्दांसकट. मी पांढऱ्या साडीत त्यांच्या बाजूला बसून कोरस धरीन. साहेब लोकांना आवडलं तर तेही ऐकतील.

हे चालणार नसेल तर लग्न नको. लिहिताना अक्षर बिघडलं, म्हणून पुन्हा नीट लिहिते: हे चालणार नसेल तर लग्न नको.

दादांना काय वाटतं ते मला माहीत आहे. त्या इटालियन साहेबांना काय वाटतं तेही. तुम्हाला काय वाटतं, हे मला एवढ्या पत्रांत कळलेलं नाही. तेवढंच लिहा. एका ओळीत लिहिलंत तरी चालेल.

पत्र मिळेपर्यंत तरी तुमचीच,
वैजयंती भगवान तांबे