तेवीस नंबर

ता. ३ फेब्रुवारी

प्रिय भाऊजींस,
अ. उ. आ.

त्या सकाळी मी चादरी भिजत घातल्या, दूध तापवलं, त्यांच्या सदऱ्याला इस्त्री केली आणि पुस्तक उघडून बसले. वाचनालयात परत करायची शेवटची तारीख होती आणि वीस पानं राहिली होती. छातीत जड वाटतंय म्हणून तुमच्या दादांना दवाखान्यात जायचं होतं. एरवी मी सोबत जायची. शिपायाने नंबर पुकारला की मी कोपराने ढोसायची, मग ते उठायचे. कारखान्यात लोखंडी पत्रे ठोकून ठोकून त्यांचे कान गेले होते, हे तुमच्या-माझ्याशिवाय कोणाला ठाऊक? त्या दिवशी म्हणाले, तू तुझं पुस्तक संपव, मी काय कुकुलं बाळ आहे? मी संपवलं. दुपारी आले, डॉक्टरांनी वात आहे असं सांगितलं म्हणाले आणि पोटभर जेवले. नवव्या दिवशी गेले.

एवढं तुम्हाला माहीत आहे. पुढचं नाही. परवा त्यांचा कोट कोणाला तरी द्यावा म्हणून खिसे तपासले, तर त्या दिवशीचा केसपेपर निघाला. वर नंबर तेवीस. खाली डॉक्टरांच्या अक्षरात एक ओळ नाही. कोरा.

मी दवाखान्यात गेले. शिपायाला आठवलं. त्याने तीनदा पुकारलं होतं, आणि ते समोरच्याच बाकावरून त्याच्याकडे बघून हसत होते. त्याला वाटलं, हे कोणाच्या तरी सोबतीला आलेत. ऐकू आलं नाही की ते हसायचे, हे त्या बिचाऱ्याला कसं कळावं? तीनदा पुकारून कोणी उठलं नाही तर पुढचा नंबर, अशी तिथली रीत.

मला आता एकच हवंय. दाराशी नंबर डोळ्यांना दिसावा. दवाखान्याचे मोठे साहेब म्हणाले, अर्ज करा. मी अक्षरं शिकले ती सामानाच्या पुड्यांचे कागद वाचून. अर्जाची भाषा मला येत नाही. तुम्ही येऊन लिहून द्याल का? चार शब्द बोलायलाही तुम्हीच लागाल.

आजवर माया केलीत, ती आटू देऊ नका.
तुमची वहिनी

ता. ९ फेब्रुवारी

ती. वहिनींस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचलं, कपाटात ठेवलं, पुन्हा काढलं. वहिनी, त्या वीस पानांचा दोष स्वतःच्या माथी मारून घेऊ नका. दादा हट्टी होता, आणि खोटं बोलताना तर फारच. नंबराचं सोडून द्या. दगडावर डोकं आपटून दगड फुटत नसतो. एवढी पुस्तकं वाचता, त्यातलं एखादं साहेबांना द्या, तेवढीच त्यांना अक्कल येईल!

येणं जमेलसं दिसत नाही, कारखान्यात कामाचा रेटा आहे. फोन करू नका, बिघडलाय. हल्ली लोक बोलतातही तोंडातल्या तोंडात. तुमची धाकटी जाऊ म्हणते, मी टीव्ही लावला की अख्खी गल्ली बातम्या ऐकते. माझी काळजी नसावी. छातीत जरा भरून येतं म्हणून सोमवारी दवाखान्यात जाऊन आलो. वात आहे म्हणाले.

रागावू नका, आणि पत्र थांबवू नका.
आपला आज्ञाधारक दीर

ता. १३ फेब्रुवारी

प्रिय भाऊजींस,
अ. उ. आ.

सोमवारचा केसपेपर मला पाठवा. त्यावर डॉक्टरांनी काय लिहिलंय ते मला बघायचंय. वात हा शब्द मी एकदा ऐकलाय आणि त्यावर विश्वासही ठेवलाय. तुमची तिकडे बदली होईपर्यंत वीस वर्षं तुम्ही दोघं भाऊ एकाच ठोकयंत्राशी उभे होतात. फोन बिघडला नाही, भाऊजी.

तुमचा नंबर पुकारला तेव्हा तुम्ही हसलात का, एवढंच सांगा. मी तुमच्या पाया पडते. मोठी असून पडते.

अर्ज मीच खरडला. साहेबांनी त्यावर शेरा मारून परत केला: अशी तक्रार पूर्वी आलेली नाही. मी बाकावरच्या प्रत्येकाला विचारलं, तुम्हाला नीट ऐकू येतं का. सगळे हो म्हणाले. तिघेजण हसले.

उलट टपाली उत्तर द्या.
वहिनी

ता. १७ फेब्रुवारी

ती. वहिनींस,
शि. सा. न. वि. वि.

कोरा आहे. सोबत जोडलाय.

बाक रिकामा होईपर्यंत बसलो. शेवटी झाडूवाली माझ्या पायाखालून झाडून गेली. नंबर गेला का, हे विचारायची लाज वाटली; चारचौघांत केसपेपरच्या खिडकीतली बाई ओरडून सांगते आणि सगळे वळून बघतात. घरी येऊन काय सांगायचं, ते दादाने शिकवून ठेवलंच होतं. रात्री डावा हात भरून येतो. धाकटीला यातलं काही माहीत नाही, तिला कळवू नका. मी परत त्या बाकावर बसणार नाही. माझ्याच्याने होत नाही.

तुम्हीच आता आईच्या जागी.
तुमचा दीर

ता. १ मार्च

प्रिय भाऊजींस,
अ. उ. आ.

हे पत्र धाकटी तुम्हाला वॉर्डात आणून देईल. तुमचा कोरा केसपेपर मिळाला तशी मी गाडी धरून तुमच्याकडे आले. त्या बाकावर आपण शेजारी बसलो, एकतिसावा नंबर आला आणि मी तुम्हाला कोपराने ढोसलं, तेव्हा तुम्ही हसला नाहीत, रडलात. या वेळी डॉक्टरांनी पानभर लिहिलं. ते मी वाचलंय. निम्मं हृदय थकलंय आणि उशीर झालाय, असं त्यात आहे. म्हणून ठणठणीत बरा होतो वगैरे मला लिहू नका. कसे आहात ते खरं लिहा, वाईट असलं तरी.

घरी परतले तर मी पुन्हा धाडलेल्या अर्जावर साहेबांचं उत्तर येऊन पडलं होतं. मागणीचा विचार करता येत नाही.

परतल्याच्या दुसऱ्या दिवशी मी एक पाटी आणि खडूचे तुकडे घेऊन इथल्या दवाखान्यात गेले. शिपाई नंबर पुकारी, मी तो मोठ्या अक्षरात लिहून पाटी डोक्यावर धरी. इथल्या खिडकीतली बाई मला बाहेर व्हा म्हणाली. मी ऐकू न आल्यासारखी तिच्याकडे बघून हसले. तेवीस लिहिताना खडू मोडला. पाटी वर धरली, तर भिंतीकडेच्या बाकावरचा एक म्हातारा हातातला कागद बघून हळूच उठला आणि आत गेला. मी पाटी पदराने पुसली आणि चोवीस लिहिला.

तुमची वहिनी