तिसरी रांग, सातवी जागा

रविवार, ता. ९, दुपार

प्रिय बडबडे,

कशी आहेस? घरी सगळे बरे असतील. मी मजेत आहे. मजेत म्हणजे ताप नाही, एवढंच.

तू गेल्याला पाच आठवडे झाले. वॉर्डनबाईंनी दुसऱ्याच दिवशी तुझी गादी गुंडाळून नेली. कपाट आता पूर्ण माझं, तरी तुझ्या खणात काही ठेवायला हात होत नाही. नियम तेच: जेवताना बोलायचं नाही, जिन्यात हसायचं नाही, रविवारी खेळायचं नाही. मोडायला जोडीला कुणी नाही, त्यामुळे मी आदर्श विद्यार्थिनी झालेय. परवा अख्ख्या दिवसात माझ्या तोंडून फक्त ‘आमेन’ निघालं.

मुली माझ्याशी चांगल्या वागतात, जरा जास्तच चांगल्या. मी आले की गप्पा थांबतात आणि कुणीतरी मला बसायला जागा देतं. प्रार्थनेच्या हजेरीची वही जिच्या हातात, तिच्याशी कोण मनमोकळं बोलणार?

गुरुवारी तुझं पत्र आलं. बाबा अजून तुझ्याशी बोलत नाहीत. ‘मी प्रार्थनेला होते’ म्हटलंस की म्हणतात, ‘वर आणखी खोटं बोलतेस?’ आणि एवढं सगळं लिहून शेवटी मलाच विचारतेस, ‘तू जेवतेस ना गं नीट?’ ते वाचून मी न्हाणीघरात जाऊन रडले. आता सांगतेच.

जाताना तू म्हणालीस, “जाऊ दे गं, हजेरी घेताना तुला वरच्या गॅलरीतून मी कुठे दिसणार होते!” दिसली होतीस. दुसरी घंटा संपायच्या आत तू धावत आलीस, दाराजवळच्या बाकावर टेकलीस, वर पाहून हात हलवलास. मी पाहत नाही असं वाटून स्वतःकडे बोटही दाखवलंस. मी मान खाली घातली. तिसऱ्या रांगेतली सातवी, तुझी जागा रिकामी होती. आपल्याकडे खूण जागेची होते, माणसाची नाही. मी फुली मारली. नियमाप्रमाणे खोटं काहीच केलं नाही, हे मी स्वतःला कितीदा सांगितलं असेल! पण बाकीच्या मुली मागे बसल्या तर मी त्यांना हजर धरत होतेच की. तुलाच धरलं नाही. ती तुझी चौथी फुली आहे आणि चौथीला घरी पाठवतात, दोन्ही मला ठाऊक होतं.

आदल्या दिवशी तू सगळ्यांसमोर मला ‘मॅडमचं मांजर’ म्हणालीस. मुली म्यांव म्यांव करत लोळल्या. तुझी ती थट्टाच होती. पण इथे मला तुझ्याशिवाय कुणी नव्हतं, आणि त्या दिवशी तूही नाहीस असं वाटलं. फार झोंबलं. ही सबब नाही गं, जे झालं ते लिहितेय.

रोज सकाळी गुडघे टेकून क्षमा मागते. पण ज्याच्याकडे मागते त्याला सगळं आधीच माहीत आहे. माहीत नव्हतं ते तुला.

काल प्राचार्य मॅडमकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं, म्हणाल्या, “पाच आठवडे?” बस, एवढंच. मग वही काढून घेतली. माझं काय करायचं ते बुधवारी ठरेल. तू मात्र वीस तारखेच्या आत आलीस तर परीक्षेला बसू शकतेस. वडिलांनी स्वतः आणून सोडायला हवं. कॉलेजचं पत्र येईल, पण त्यात ‘नोंद दुरुस्त केली आहे’ इतकंच असणार. बाबांना वाटेल, दया दाखवली. म्हणून पुढचं पान वेगळं लिहिलंय. हे सगळं दाखवायचं नसेल तर तेवढंच त्यांच्या हातात दे.

मला उत्तर लिहू नकोस असं म्हणणार होते. जमत नाही. लिही, शिव्या दिल्यास तरी चालतील.

*

ती. बाबांना सा. न.

त्या सकाळी तुमची मुलगी प्रार्थनेला वेळेवर आली होती. ती तुमच्याशी खोटं बोललेली नाही. मी तिला पाहिलं होतं.

हजेरीची वही जिच्या हातात होती,
ती