दर सोमवारी दहा मिनिटांचा पूर मंजूर होऊन मिळणेबाबत

प्रति,
मा. पूर साहित्य अधिकारी साहेब,
पूर साहित्य भांडार, नदीकाठ उपविभाग,
जिल्हा कोल्हापूर

विषय : जलस्कूटरच्या इंजिनातील तेलाची पातळी नियमानुसार तपासता यावी, म्हणून दर सोमवारी सकाळी दहा मिनिटे पूर जाहीर होऊन मिळणेबाबत.

संदर्भ : १) आपले पत्र दि. ९ एप्रिल २००७ (तेल तपासा). २) आपलेच पत्र दि. १२ एप्रिल २००७ (पाण्यात उतरवू नका).

महोदय,

प्रारंभी विदित करण्यात येते की, यापुढे एक यंत्र, एक नदी व एक वृद्ध स्त्री यांची सत्य हकीगत कथन केली जाईल. ती साहेबांनी शांत चित्ताने अखेरपर्यंत वाचावी.

१. अर्जदार पिराजी सयाजी भोई, इयत्ता सातवी उत्तीर्ण, हा कुरुंदवाडच्या अलीकडील मौजे घाटमळी येथील वंशपरंपरागत नावाडी असून, ३ एप्रिल २००६ पासून सरकारी जलस्कूटरचा रक्षक आहे. सदर स्कूटर चावडीमागील पत्र्याच्या शेडात लाकडी घोडीवर विराजमान आहे. खंडेनवमीस तिला नारळ व झेंडूचा हार यथाविधी अर्पण झालेला आहे.

२. नोंदवहीत दर सोमवारी तेलाची पातळी लिहावयाची असते. पुस्तिकेप्रमाणे स्कूटर पाण्यावर सपाट तरंगती ठेवून इंजिन चालवावे, गरम झाल्यावर बंद करावे, तेलपट्टी काढून पुसावी, पुन्हा घालावी आणि तेल दोन खुणांच्या मध्ये आहे किंवा कसे ते पाहावे. कोरड्यात चालविल्यास इंजिन जळते. परंतु पूर जाहीर झाल्याखेरीज स्कूटर पाण्यास लावण्यास मनाई आहे. गतवर्षी पूर शुक्रवारी जाहीर झाला व रविवारी मागे घेण्यात आला. त्यात सोमवार आला नाही. सबब रकाना साठ सोमवार कोरा आहे.

३. अर्जदार स्वस्थ बसला नाही. गावची सुईण बाळाबाई हिने पेट्रोल काढलेल्या इंजिनास बाळंतिणीप्रमाणे गरम विटांचा शेक दिला व वर घोंगडे पांघरले. तेल वरच्या खुणेशी दिसले. परंतु आपल्या लिपिकांनी ती नोंद ‘उष्णता अनधिकृत’ असा शेरा मारून खोडली.

४. आता ३१ मेपर्यंत रकाना न भरल्यास स्कूटर भांडारात जमा होणार आहे. येथे तानाबाईचा विचार व्हावा. वय ऐंशी, पाय अधू, घर नदीच्या अगदी काठाला. गतवर्षी मंगळवारी पाणी तिच्या उंबऱ्यास लागले, बुधवारी माळ्यास. अर्जदार किल्ली हातात धरून पूर जाहीर होण्याची वाट पाहत शेडाच्या दारात उभा होता. तानाबाईने कौलांतून डोके काढून हाक दिली, “पिराज्या, मुडद्या, त्या सरकारी घोडीची वरात काढणार हाईस व्हय? पाणी कमरंला आलं की!” अखेर जोतीरामच्या गुऱ्हाळातील काहील, म्हणजे गूळ आटवावयाची मोठी कढई, पाण्यात सोडून अर्जदाराने तिला शेळीसह आणले. काहील गरगर फिरते. दीड तास लागला. दोनदा बुडता बुडता वाचलो. स्कूटरने ते काम दोन मिनिटांचे होते.

५. तरी दर सोमवारी सकाळी दहा ते दहा वाजून दहा मिनिटे पूर जाहीर व्हावा. ग्रामस्थ भोंगा वाजवतील. या पुराची नुकसानभरपाई कोणी मागणार नाही, असे संमतीपत्र सोबत जोडले आहे. शासकीय कामी माळ्यावर बसण्यास तानाबाईही राजी आहे. ती म्हणते, “सोमवारी माझा उपास असतोय, चुलीचं काम न्हाय. बसतो की.”

६. एवढेही अशक्य असल्यास स्कूटर खुशाल न्यावी. मात्र नोंदवहीत तिच्या जागी जोतीरामची काहील लिहून घ्यावी आणि तेलाच्या रकान्यात ‘लागत नाही’ असे लिहिण्याची परवानगी द्यावी. पाऊस पंधरा दिवसांवर आला आहे. माळ्यावर बसून कशाची वाट पाहावी, एवढे तानाबाईला आधी सांगून ठेवावयाचे आहे.

हा अर्ज उघडणारे, त्यावर शिक्का मारणारे, तो या मेजावरून त्या मेजावर नेणारे व जे कोणी इथवर वाचत आले, त्या सर्वांचा अर्जदार ऋणी आहे.

मौजे घाटमळी
दि. २२ मे २००७

आपला नम्र,
पिराजी सयाजी भोई
(सही)