बत्ताशीचे केस

गार्डन रीच, कोलकाता
९ जानेवारी २०२४

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.
फोनवर तुला ऐकू येत नाही आणि तरी तू हो हो म्हणतेस, म्हणून पत्र. तुझी बत्ताशी सुखरूप पोचली. क्वार्टरमध्ये आल्यावर कपाटाखाली शिरली, ती दुसऱ्या दिवशी बाहेर आली. तू सांगितल्याप्रमाणे दूधभात देते, वर चमचाभर तूप. पण रोज सकाळी केसांची गुंडाळी ओकते. सुयश म्हणतो, आत्यांनी मांजर दिलं की कापूस पिंजायचं यंत्र? तुझा खुबा कसा आहे? वॉकर घेऊनच चाल.
तुझी,
मधुवंती

सांगली
१८ जानेवारी २०२४

चि. सौ. मधुवंतीस,
अ. उ. आ.
जावईबापूंना म्हणावं, यंत्र सहा वर्षं बिनतक्रार चाललं होतं. तूप दीड चमचा कर. गुंडाळी तुपानेच सरकते. घरी कढवलेलं घाल, डब्यातलं नको. विंचरताना निघालेले केस पत्रातून पाठवत जा. मला फार दिसत नाही, पण बोटांना कळतं. एप्रिलपर्यंत मी वॉकर सोडेन असं डॉक्टर म्हणतात. मग तिला परत आण. घरात माझ्याशिवाय कोणी नाही.
तुझी आत्या,
सरला

गार्डन रीच
२ फेब्रुवारी २०२४

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.
केस सोबत आहेत. तूप वाढवल्यावर तिला जुलाब झाले, ओकणं थांबलं नाही. मग तिने खाणंच सोडलं, म्हणून डॉक्टरांकडे नेलं. तेव्हाच कळवायला हवं होतं. पोटात काही अडकलेलं नाही. केस फार गळतात, म्हणून अंग चाटताना फार गिळते, आणि गळतात ते खाण्यामुळे, असं डॉक्टर म्हणाले. आहार लिहून दिला आहे. रोज विंचरते, पाणी दोन ठिकाणी ठेवते, उकडलेला लाल भोपळा चमचाभर देते. आता बरी आहे.
तुझी,
मधुवंती

सांगली
१४ फेब्रुवारी २०२४

चि. सौ. मधुवंतीस,
अ. उ. आ.
केस सुतळीसारखे लागले. पत्र भिंग घेऊन तीनदा वाचलं. भोपळा माझ्याही घरात होता. आहारात आणखी काय आहे ते तू लिहिलेलं नाहीस. शाळेत असताना निकालाचं पत्रही तू असंच लिहायचीस, पास झालेले विषय आधी.
सरला

गार्डन रीच
२५ फेब्रुवारी २०२४

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.
लिहिते. मासे. बिनमिठाचे, उकडून, काटे काढून. कधी कोंबडी. शिवाय डॉक्टरांनी सांगितलेलं मांजरांचं तयार खाणं. मांजराला मांस लागतंच, नुसत्या दूधभातावर कातडी आणि केस टिकत नाहीत, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. आमच्या घरात मासे शिजवत नाही. शेजारच्या घोषकाकीमा त्यांच्याकडे उकडून देतात, मी वाटी दाराबाहेर ठेवते. बत्ताशी सहा वर्षं दूधभातावर होती हे ऐकून काकीमांनी डोळ्यांना पदर लावला. तीन आठवड्यांत ती एकदाच ओकली. केस सोबत आहेत. तुझ्या घरी हे चालणार नाही, मला माहीत आहे. तिला इथेच ठेवू का? तू म्हणशील तसं.
तुझी,
मधुवंती

सांगली
१४ मार्च २०२४

चि. सौ. मधुवंतीस,
अ. उ. आ.
केस मिळाले. मऊ आहेत. वास येतो. सहा वर्षं मी तिचे हाल केले असं तू लिहिलं नाहीस.
मागच्या पडवीत वेगळी शेगडी मांडून घेतली. एक पातेलं, एक चिमटा. समोरचा गुरुदत्त बुधवारी स्वतःसाठी मासे आणतो, तो आपल्याबरोबर हिचाही तुकडा आणील. काल एक आणवून उकडून पाहिला. नाकाला पदर बांधला होता. काटे काढायला अर्धा तास लागला. ते बोटांना कळतात. मग हात तीनदा धुतले. तुकडा गल्लीतल्या बोक्याने खाल्ला, त्याला काही झालेलं नाही.
काकीमांना माझा नमस्कार सांग. मासा किती वेळ उकडायचा ते त्यांना विचारून ये, माझा फार शिजला होता.
लोभ आहेच. आता केस पाठवू नकोस, मांजर आण.
तुझी आत्या,
सरला