चोथा

प्रिय ठमे,

फोनवर सांगायला गेलो तर तू मध्येच ‘बाबा, पुरे’ म्हणशील आणि माझं तोंड बंद होईल, म्हणून लिहायला बसलोय. त्या रविवारपासून मला अन्न गोड लागत नाही. काल डब्यात ओलं खोबरं दिसलं आणि मी झाकण लावून टाकलं. जन्मभर भाजीवर खोबरं पेरणाऱ्या माणसाची ही गत.

तुझी आई म्हणते, चूक माझीच, फरसबीच्या शिरा नीट काढल्या नाहीत. अगं पण तुम्ही जेवायला येणार होतात, ते नाश्त्याच्या वेळेलाच दारात! तुझा होणारा नवरा आणि त्याची आई बाहेर सोफ्यावर, आणि आत मी भराभर सुरी चालवतोय. बाकी सगळं जमलं होतं. तेलात मोहरी तडतडली, उडदाची डाळ लालसर झाली, मग सुकी मिरची, कढीपत्ता, बारीक चिरलेली फरसबी, पाण्याचा नुसता हबका. खोबरं मात्र गॅस बंद केल्यावरच. लहानपणी स्टुलावर उभी राहून तू यावरून माझ्याशी भांडायचीस, आधीच घाला म्हणून.

त्याने भाजी पुन्हा मागून घेतली, नाही म्हणत नाही. पण काय ते खाणं! घास चघळायचा, शीर लागली की दोन बोटं तोंडात घालायची आणि तो लाळेने लडबडलेला चोथा शेजारी स्वतःच्या आईच्या ताटात ठेवायचा. तिकडे बघायचंसुद्धा नाही. कढीपत्ताही तिकडेच. त्याचं ताट शेवटपर्यंत लख्ख, आणि त्या बाई आपला भात त्या ढिगाच्या पलीकडे सारून जेवतायत. मी बघतोय हे त्यांच्या लक्षात आलं, तर कौतुकाने म्हणाल्या, “लहानपणापासूनची सवय आहे. त्याला ताट घाण झालेलं चालत नाही.”

मी काही फार सोवळा नाही. तुला दात येत होते तेव्हा असाच चोथा तू माझ्या तळहातावर थुंकायचीस आणि मी हात शर्टाला पुसून पुढचा घास भरवायचो. कधी किळस आली नाही. पण तू तेव्हा रांगत होतीस गं. हा बाप्या ऑफिसात चार माणसांवर साहेब आहे!

तुझ्या आईचं म्हणणं, मुलगा शांत आहे, निर्व्यसनी आहे, एवढ्यातेवढ्यावरून पोरीचं डोकं फिरवू नका. मीही मनाला तेच बजावत होतो. चोथ्यावरून कोणी लग्न मोडतं का?

पण एक गोष्ट मी तिलाही सांगितलेली नाही. त्या बाई ताट घेऊन उठल्या, तेव्हा त्याच्या तोंडात शीर होती. शेजारची जागा रिकामी दिसली, तसा त्याचा हात तुझ्या बाजूला वळला. आणि तू तुझं ताट पुढे सरकवलंस. वर भाजी बाजूला सारून चोथ्याला जागा करून दिलीस. लग्नाचा हॉलवाला रोज फोन करतोय, मी त्याला अजून हो म्हटलेलं नाही. तुला तोच हवा असेल तर मी नाक दाबून लग्नात उभा राहीन. पण आधी मला सांग, ते ताट तू मनापासून सरकवलंस, की तुलाही सवय लागली?

ज्याच्या तळहातावर तू आजही खुशाल थुंकावंस, असा तुझाच,
बाबा