व्हॅनिलाची सकाळ

प्रिय दीपाली,

'प्रिय' लिहिताना पेन कागदात घुसलं, इतका राग आलाय. तुझ्यावर थोडा, तुझ्या बाबांवर पुष्कळ. रविवारी तुमच्या क्वार्टरमध्ये चहा पाजून रामकिसनकाका काय बोलले, ते तू दाराआडून ऐकलंसच. "व्हॅनिला इसेन्सची बाटली किराणा दुकानात मिळते, त्यासाठी तीन वर्षं वेली कसल्या चढवतोस? आधी कंपनीचा गेटपास दाखव, मग माझ्या पोरीचं नाव काढ." वर कॉलेज सोडल्याचा टोमणा. हो, सोडलं! दुसऱ्या वर्षाला, तुझ्यादेखत. लॅबमधल्या बाटल्यांत माझा जीव रमलाच नाही, त्याला मी काय करू?

व्हॅनिला म्हणजे काय, हे काकांना ठाऊक तरी आहे का? ही वेल मूळची मेक्सिकोकडची. तिथून लोकांनी जगभर नेली, ती वाढली, फुललीही, पण शेंग धरेना. तिकडच्या पराग वाहणाऱ्या मधमाश्या इतरत्र कुठून येणार? शेवटी दूरच्या एका बेटावरच्या मळ्यात एडमंड नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम पोराने नुसत्या काडीने फूल फळवून दाखवलं. तर एक गोरा विद्वान म्हणतो, त्याला मीच शिकवलं! हे वाचून असा भडकलो की आई म्हणाली, "कोनावर वरडतोस रं? घरात कोन नाय."

आता ऐक. आमच्या पाड्यावर शेवग्यावर चढवलेल्या त्या वेलींना पहिल्यांदाच कळ्यांचे घोस आलेत, सोमवारपर्यंत उमलू लागतील. फूल पहाटे उमलतं, दुपारच्या आत मिटतं. त्या सकाळी पराग हाताने लावला नाही, तर ते फूल गेलंच. आणि एवढं बोलून वर काकांनीच ओळखीने सोमवारपासून लावून दिलेली नोकरी कोणती? फर्स्ट शिफ्ट, सात ते तीन! सेकंड मागितली तर तारापूरच्या कंपनीतला तो सुपरवायझर दात काढून म्हणतो, "नया लड़का है, पहले टाइम पे आना सीख." आईला बारीक दिसत नाही, तिच्याने हे काम व्हायचं नाही. आणि जिवल्याकाका साऱ्या पाड्यासमोर म्हणतो, "फुलांची लगनं लावतंय, सोताचं जमत नाय!" लोक पोट धरून हसले. नोकरीला लाथ मारायची, हे कितीदा ठरवलं, विचारू नकोस.

तरी सोमवारी मी कंपनीच्या गेटवर असेन. तुझ्यासाठी. आता तू काहीतरी कर. आजवर मला भेटायला आलीस ती तोंडाला ओढणी गुंडाळून, नुसते डोळे दिसतील अशी. सोमवारी तशी येऊ नकोस. पहिल्या टमटमने मोकळ्या तोंडाने ये, भर पाड्यातून चालत वेलींपाशी जा. आई बांबूची काडी देईल. फुलात एक पातळ पडदा असतो, तो काडीने वर उचल आणि वरचे पराग अंगठ्याने हलकेच खाली टेकव. जोर नको, फाटतं. रोज एका घोसात एक-दोनच फुलं उमलतात; एकूण आठ-दहाच फळवायची, सगळी केलीस तर वेल खचेल. नाही आलीस, तर फक्त फुलं गेली असं मी समजणार नाही. टमटमवाला भावेश दुपारपर्यंत तुझ्या बाबांना सांगेलच. सांगू दे. त्यांनी पाठवलं तिथे मी गेलो, तू कुठे जातेस तेही त्यांना कळू दे.

तुझाच, सोमवारपासून फर्स्ट शिफ्टवाला,
मिथुन