थप्पीतलं मांजर

गोरेगाव (ता. सेनगाव)
११ ऑगस्ट २०२४

चि. करुणास,

अक्काचे पोटभर आशीर्वाद आन जयभीम. आमी इकडं खुशाल. तू बी खुशाल असशील असं धरून चालते, कारण तू सोताहून कळवशील तर शपथ!

फोन करत जाऊ नको बाई. मला त्यात नुसती गुणगुण ऐकू येते, आन कानाचं यंत्र लावलं की ते शिट्टी मारतं. चिठ्ठी बरी. सकाळी मोहनसिंगच्या जीपमधी टाकली की संध्याकाळी हिंगोलीत तुझ्या हातात.

तुझी कालेजची पोरं सोसायटीचं हळदीचं गोदाम मोजून गेली, पण गावात अजून तीच चर्चा. ती ऐश्वर्या शिडीवर अशी चढली की हमाल तोंडात बोट घालून बघत राहिले. आन तो बंटी मोजायला आला व्हता का जेवायला, हे त्याला एकदा इचार. माझी भाकरीची टोपली रिकामी करून गेला लेकाचा. अध्यक्षांनी तुला शाल दिली त्याचा फोटो पेपरात आला. तुझे दाजी ते कात्रण खिशात घेऊन फिरून राहिलेत. ज्याला त्याला सांगतेत की ही माझी साळी, कालेजात प्रोफेसर हाय, हिशोबातली चोरी धरायला शिकवती.

एक मज्जा सांगायची राहिली. गोदामातली कबरी मांजर व्याली. आन कुठं, तर हळदीच्या पोत्यांच्या त्या मोठ्या थप्पीच्या पोटात! खालच्या लाकडी फळ्यांच्या सांदीतून शिरती आन गडप होती. दाजी कट्ट्यांना कान लावून बसतेत. पिलांचा आवाज खालून न्हाई, बराबर छातीच्या उंचीवरून येतो म्हणे. राखणदार हळदीचा आन सेवा मांजरीची! रोज बशीभर दूध तिकडं जातं, आन मी काळा चहा पिऊन राहिले.

अध्यक्ष इचारत व्हते, मोजणीचा कागद सही होऊन कधी येणार. तो दाखवून बँकेकडून कर्ज उचलायचंय. लवकर पाठव. आपले बी बावीस कट्टे त्यातच पडलेत, भाव चढायची वाट बघत.

तब्येतीला जप. दूर असलीस तरी अक्काला जवळ धर.
तुझी पद्माअक्का

---

हिंगोली
१४ ऑगस्ट २०२४

ती. अक्कास,

करुणाचा सविनय जयभीम. वि. वि. तुझं पत्र वाचून मनसोक्त हसले. मग पोळ्या लाटता लाटता हात थांबला, आणि तव्यावरची पोळी करपली.

अक्का, कट्ट्याला कट्टा भिडवून रचलेल्या थप्पीत मांजर छातीच्या उंचीवर बाळंतीण होईल कशी? तिथं मुंगीलासुद्धा वाट नसते. मांजर आत आहे म्हणजे आत जागा आहे. आणि आत जागा आहे म्हणजे तिथं हळद नाही.

माझ्या पोरांनी थप्पीची लांबी मोजली, रुंदी मोजली, उंची मोजली आणि गुणाकार करून अठराशे कट्टे लिहिले. असं मोजायला त्यांना मीच शिकवलं. वर्गात घसा फोडून सांगते की हिशोब तपासणं म्हणजे बेरजा बघणं नव्हे, माल डोळ्यांनी बघायचा, हात लावायचा, मधला कट्टा काढायचा. आणि तिथं अध्यक्षांनी चहा पाजला, शाल पांघरवली, तर ती शाल माझ्या डोळ्यांवरच आली! गेली चार वर्षं मी सोसायट्यांमधल्या अफरातफरीवर संशोधन करते, परिषदांमधून निबंध वाचते. मला स्वतःचा इतका राग आला आहे की सांगता सोय नाही. काल वर्गात फळ्यावर थप्पी काढली आणि पोरांना मांजराचं सांगितलं. सपना म्हणाली की आपण माल मोजलाच नाही, नुसत्या भिंती मोजल्या. तिला मी मनातून शंभर गुण दिले.

मी सही करणार नाही. थप्पी मधून उघडा, मगच कागद मिळेल, असं आजच अध्यक्षांना लिहून पाठवलं आहे. दाजींना सांगून ठेव. मांजरीचं दूध बंद करू नका.

माया आहे ती अशीच राहू दे.
तुझी करुणा

---

गोरेगाव
१९ ऑगस्ट २०२४

चि. करुणास,

आशीर्वाद. जयभीम.

तुला काही अक्कल हाय का न्हाई? मी मांजरीचं लिवलं आन तू माणसाच्या हातात बेड्या घालायला निघालीस! माझीच चिठ्ठी, माझ्याच कुंकवावर उलटवलीस.

अध्यक्ष काल घरी आले. बाजेवर बसले, पाणी पिले, लई गोड बोलले. म्हणाले की प्रोफेसरबाई हुशार हायेत, पण त्यांना एवढं कळू नये का, की गोदामाची किल्ली तुमच्या नरसिंगच्या कमरेला असती? थप्पी उघडली आन माल कमी निघाला, तर पोलीस पहिलं कोणाला धरतील? एवढं बोलून सुपारी कातरत बसले. तुझे दाजी खालमानेनं उभे. करुणा, या माणसानं उभ्या जन्मात दुसऱ्याच्या शेतातलं हरभऱ्याचं डहाळं तोडलं न्हाई.

तू सही करून टाक. झाकली मूठ सव्वा लाखाची. तुला शिकवायला मी दुसऱ्याच्या रानात निंदणं-खुरपणं केलं, ते आज आठवून देत न्हाई. पण दाजींनी तुझी पेटी डोक्यावर घेऊन तुला हिंगोलीच्या वसतिगृहात पोचवलं व्हतं, ते तरी आठव. तुझी चोरी धरायची विद्या घरच्याच माणसाला खाणार असंल तर आग लाव त्या विद्येला.

जास्त काय लिवू. लोभ ठेवायचा का न्हाई हे आता तूच ठरव.
पद्मा

---

हिंगोली
२३ ऑगस्ट २०२४

ती. अक्कास,

करुणाचा सविनय जयभीम. वि. वि. तुझं पत्र वाचून रडले. मग तोंड धुतलं आणि लिहायला बसले. राग धर, पण शेवटपर्यंत वाच.

सही नाही म्हणजे नाही. कालच प्राचार्यांनी बोलावलं होतं. अध्यक्षांचे व्याही आमच्या संस्थेवर आहेत. प्राचार्य म्हणाले की महाविद्यालयाचं नाव कशाला खराब करता, पुढच्या वर्षी हा विषय दुसऱ्या कुणाला द्यावा लागेल. मी म्हणाले, खुशाल द्या. ज्या विषयाची मला स्वतःला अंमलबजावणी करता येत नाही तो शिकवायची मलाही हौस नाही. एवढं बोलून चहा न घेता उठले.

आता दाजींचं. मी पोरांना शिकवते की अफरातफरीला तीन गोष्टी लागतात: गरज, संधी आणि ‘यात काही गैर नाही’ अशी मनाची समजूत. मला विचारशील तर खेड्यात चौथीही लागते. ज्याच्या माथी मारायचं असा एक गरीब माणूस. अध्यक्षांनी तो आधीच शोधून ठेवला आहे. आज मी सही केली तर पोकळ थप्पी भरलेली ठरेल. उद्या कर्ज बुडालं, बँकेनं थप्पी उघडली, की माझा कागद सांगेल की ऑगस्टमध्ये माल पूर्ण होता. मग तो कुणी खाल्ला? किल्ली कुणाकडे? अक्का, ती सही म्हणजे दाजींच्याच गळ्यातला दोर आहे. तो मी वळणार नाही, तू सांगितलंस तरी नाही.

जूनमध्ये दाजी मोतीबिंदूसाठी माझ्याकडे होते, डोळ्याला हिरवी पट्टी बांधून माझ्या ओसरीवर बसून होते. कीड लागू नये म्हणून थप्पी नव्याने रचली, ती त्याच दिवसांत ना? तेव्हा किल्ली अध्यक्षांकडे ठेवून आलो असं दाजींनी मला स्वतः सांगितलं होतं. दवाखान्याची कागदपत्रं माझ्यापाशी आहेत. साळीचं कोण ऐकणार म्हणशील, पण दवाखान्याचा शिक्का काही माझा नातेवाईक नाही.

दाजींना एकच वाट आहे. दुसऱ्या कुणी उघडायच्या आत त्यांनी स्वतः थप्पी उघडायची. सप्टेंबरअखेरच्या वार्षिक सभेत सभासदाला माल बघायचा हक्क आहे. मी सभासद नाही. तू आहेस.

तू बोलणं टाकलंस तरी मी लिहिणं टाकणार नाही.
तुझीच करुणा

---

गोरेगाव
५ सप्टेंबर २०२४

चि. करुणास,

आशीर्वाद आन जयभीम. तुझं पत्र चुलीत घालणार व्हते. दाजींनी हातातून घेतलं आन दोनदा वाचलं.

आज अध्यक्षांचा माणूस एक कागद घेऊन आला. त्यात लिवलेलं की थप्पीतला सगळा माल पुरा हाय, तो माझ्या ताब्यात हाय, आन कमी निघाला तर मी जिम्मेदार. खाली दाजींचं नाव, सही करायला जागा सोडलेली. तू लिवलं ते अक्षर अन् अक्षर समोर आलं गं. मला वाटलं व्हतं की गप बसलं तर वाचू. त्यांचं तर ठरलंच व्हतं!

दाजींनी कागद माघारी दिला. म्हणाले, डोळ्याचं आप्रेशन झालंय, बारीक अक्षर दिसत न्हाई. माझा नवरा एवढा चलाख हाय हे मला लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर कळलं.

मी शालूबाईला आन भागवतला तुझं पत्र वाचून दाखवलं. त्यांचे बी कट्टे त्यातच हायेत. मागच्या पत्रात मी विद्येला आग लाव म्हणलं, ते राग डोक्यात गेला म्हणून. तू सभेला ये.

लोभ हाय. जाणार कुठं?
तुझी अक्का

---

हिंगोली
१२ सप्टेंबर २०२४

ती. अक्का व दाजी यांस,

करुणाचा सविनय जयभीम. वि. वि. सभेच्या दिवशी नेमकी मला परीक्षेची ड्युटी लावली आहे. लावली म्हणजे मुद्दाम लावली. त्यांना वाटतं की मी नसले की तुम्ही बोलणार नाही. माणसं ओळखण्यात त्यांनी चूक केली.

माझ्या बाजूने बँकेला माझ्या नावाने लिहिलं आहे की मोजणी अपुरी आहे, तिच्यावर विश्वास ठेवू नये, चूक माझी आहे. अध्यक्षांना प्रत पाठवली. त्याच्याखाली मात्र ठसठशीत सही केली.

सभेत कुणी हिशोब समजावायला लागलं तर ऐकत बसू नका. माझे कट्टे दाखवा, एवढंच म्हणा. त्यावर त्यांना वाद घालता येणार नाही. दाजींना सांभाळ.

दोघांच्या पायांशी मन आहे.
करुणा

---

गोरेगाव
१ ऑक्टोबर २०२४

चि. करुणास,

अक्काचे ओंजळभर आशीर्वाद आन कडक जयभीम! काल सभा झाली. बस, आता सगळं सांगते. यंत्र कानात घट्ट बसवून गेले व्हते, एक शब्द सुटू दिला न्हाई.

अध्यक्षांनी नफ्याचं वाचलं, टाळ्या झाल्या. मंजूर मंजूर चालू झालं, तशी मी उठले. म्हणलं, मला माझे बावीस कट्टे बघायचेत. ते हसले. म्हणाले, बाई, अठराशात तुमचे कोणते ते कसं सांगायचं? मी म्हणलं, मग सगळेच दाखवा. शालूबाई उठली, भागवत उठला, आन मग ज्याची त्याची हळद त्याला आठवायला लागली बघ. अध्यक्ष म्हणाले की थप्पी ढासळंल, माणूस मरंल, पुढच्या महिन्यात बघू. शिकलेल्या साळीनं यांचं डोकं फिरवलं, असं बी म्हणाले. मी म्हणलं, व्हय, फिरवलं. इतकी वर्षं उलटं व्हतं, आता सुलटं झालं.

तेवढ्यात दाजी दाराशी गेले. कोणाला इचारलं न्हाई. कमरेची किल्ली काढली, गोदाम उघडलं, शिडी लावली आन वर चढले. तुला ठाऊक हाय, त्या माणसाला उंचीवर चक्कर येते. वरचे दोन थर खाली सोडले, तर खाली बांबू आन पत्रे! पत्रा बाजूला सारला, तर आत एवढी मोठी खोली, भागवतच्या बैलजोडीला गोठा झाला असता. चहूबाजूंनी एका कट्ट्याची भिंत, मधी नुसता अंधार. मग शालूबाईनं जो हंबरडा फोडला! तिच्या पोरीचं लग्न त्या हळदीवर ठरलेलं हाय. मला बी रडू फुटलं. आपली बी हळद गेली, करुणा. अर्ध्याहून जास्त माल गेला, कधीच इकून टाकलेला.

अध्यक्षांना तिथंच छातीत दुखायला लागलं. हिंगोलीच्या दवाखान्यात भरती हायेत. पण जाता जाता ठाण्यात तक्रार करून गेले, की राखणदारानं हुकुमाशिवाय कुलूप तोडून थप्पी फोडली. चोराच्या उलट्या बोंबा! रात्री पोलिसांनी दाजींना जीपमधी घालून नेलं. मी बी चढले, आन गावातल्या बाया मागून दुसऱ्या जीपनं आल्या. साहेबाला मी सांगितलं, कुलूप तोडलं न्हाई, किल्लीनं उघडलं. आज दुपारी घरी सोडलंय, पण बोलावलं की जावं लागंल. नोकरीवरून काढल्याचा कागद दारावर डकवून गेलेत. डकवू दे.

तू ते दवाखान्याचे कागद घेऊन रविवारी ये. पोरांना बी आण. आता माल उघड्यावर हाय, एकेक कट्टा हात लावून मोजायचाय, आन कोणाचे किती गेले ते लिवायचंय. बंटीला म्हण, भाकरी भरपूर हायेत. हळद गेली, ज्वारी न्हाई गेली.

दाजी चार ओळी लिवतो म्हणतेत. त्यांनी जन्मात कोणाला पत्र लिवलं न्हाई, म्हणून माझी जागा त्यांना देते.
तुझी अक्का

करुणा, जयभीम. मी नरसिंग. लिवायची सवय न्हाई, समजून घे. पहिलं लई भेलो व्हतो. चोर म्हणतील याचं भेव व्हतं. ठाण्यात साहेबांनी इचारलं की अध्यक्षांचा हुकूम नसताना थप्पी उघडली कोणी. खोलीत सोसायटीचे चार लोक व्हते, सगळे भिंतीकडं बघून राहिले. मी म्हणलो, मी उघडली. साहेब म्हणाले, इचार करून बोल, लिवून घेऊन राहिलो. मी म्हणलो, लिवा. त्यांनी नुसतं नरसिंग लिवलं. मी म्हणलो, अर्धं लिवू नका साहेब. बापाचं नाव लिवा, आडनाव लिवा, गाव लिवा.